डाव्या हाताची पिशवी

बेबीनं भाकरीचा तुकडा डाव्या हातानं उचलला, की मी आधी आत्याबाईंकडे पाहायची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सोजराबाई. त्या चुलीपुढे बसलेल्या असायच्या, पाठ आमच्याकडे. तेवढ्यात मी तुकडा काढून बेबीच्या उजव्या मुठीत द्यायची. बेबी माझ्याकडे पाहायची, तुकडा परत डावीकडे घ्यायची आणि खायला लागायची. रागवायची नाही. माझी काहीतरी चूक झाली होती, ती तिनं दुरुस्त केली, एवढंच.

तीन आठवडे हे असं चाललं. चौदा महिन्यांचं लेकरू. वाटी डाव्या हातानं, खुळखुळा डाव्या हातानं, माझ्या नाकातली चमकी ओढायची ती डाव्या हातानं. मी रोज मनात मोजत होते. आज उजव्यानं किती वेळा, डाव्यानं किती वेळा. उजव्याचा आकडा कधीच पुढे गेला नाही.

मला कळायला वेळ लागला नाही, कारण मी स्वतः डावरी आहे. म्हणजे होते. दर्यापूरला माझ्या माहेरी, मी तीन-चार वर्षांची असताना, आईनं जुन्या लुगड्याच्या चिंधीनं माझा डावा हात परकराच्या नाड्याला बांधला. दोन पावसाळे तो तसा होता. मग मी सुधारले. उजव्या हातानं लिहिते, वाढते, ओवाळते. अमरावतीला बी. ए. केलं, सगळे पेपर उजव्या हातानं लिहिले. लग्न होऊन मलकापूरला आले तेव्हा या घरात कोणाला सांगायचं कारणच पडलं नाही. ह्यांनाही नाही.

फक्त क्रोशाची सुई तेवढी राहिली.

ती मला इथंच हाती लागली. आमच्या मागच्या गल्लीत शकीलाबी राहते. नमाजाच्या टोप्या विणते, पांढऱ्या, जाळीच्या, इतक्या भराभर की बोटं दिसत नाहीत. बेबीच्या वेळी दिवस गेले होते, मला काही केल्या चैन पडेना, दुपारी तिच्याकडे जाऊन बसायची. ती म्हणाली, "खाली हात काहे कू बैठती? सीख ले." मी तिच्या बाजूला बसले तर मला काहीच उमगेना. मग तिनंच मला समोर बसवलं. तिचा उजवा, माझा डावा, आरशात पाहिल्यासारखं. अर्ध्या तासात साखळीचा टाका जमला, चार दिवसांत खांबाचा. शकीलाबी हसली. "तू तो उल्टी है बाई. पर बनता बराबर है."

घरी मात्र विणताना कोणी आलं, की मी सुई चटकन उजव्या हातात घ्यायची आणि विणल्यासारखं करायची. सुई आत-बाहेर, आत-बाहेर. टाका एकही पडायचा नाही. आत्याबाई पाहायच्या न् म्हणायच्या, "दिवसभर विनून राह्यली, बोटभरबी सरकत नाही. गोगलगाय बरी."

आणि माझं विणणंही धड नव्हतं. रुमाल, तोरण, बशीखालचं फूल, या सगळ्याला टाके मोजावे लागतात. बारा खांब, तीन साखळ्या, पुन्हा बारा. मी सातपर्यंत यायची आणि बेबी खोकायची. नाहीतर ती गप्प व्हायची, आणि गप्प झाली की मला जास्त भीती. परत आले की आकडा गेलेला. म्हणून मी मोजणंच सोडलं. गोल सुरू करायचा, वाटलं तिथं तो पान करायचा, पानाला शेपूट, शेपटीवर पुन्हा गोल. शकीलाबीकडचा उरलेला पांढरा दोरा, मध्येच हिरवा, कुणाच्या स्वेटरची उसवलेली तांबडी लोकर. तळहाताएवढे तुकडे झाले की एकमेकांना जोडायचे. त्याचं काय होणार हे मलाही ठाऊक नसायचं. वर्षभरात त्याची टेबलावर घालायची एक चादर झाली. तिला ना कड सरळ, ना मधोमध काही. पण अंथरली की नजर तिच्यावर फिरत राही.

त्यात पुष्पाबाईंचं लग्न ठरलं. पुष्पाबाई माझी नणंद. आठ ग्रह एका राशीत येऊन जग बुडणार, या अष्टग्रहीच्या धसक्यानं माघापर्यंत कोणी लग्नाचं बोलायला तयार नव्हतं. ती होऊन गेली, जग जागच्या जागी राहिलं, न् संग्रामपूरचं स्थळ लगेच आलं. वैशाखातला मुहूर्त. आता रुखवत मांडायचं. रुखवतात जे ठेवायचं ते मुलीच्या हातचं, अशी पद्धत. हातभार सगळेच लावतात, पण मोठी वस्तू तिचीच हवी. वरपक्षाच्या बाया उचलून, उलटून पाहतात. पुष्पाबाईंनी काचेच्या नळ्यांचं तोरण केलं, बाटलीला शिंपले चिकटवले. क्रोशाची सुई मी त्यांच्या हातात दिली तर त्या म्हणाल्या, "वहिनी, हिनं मायं डोकं मस्त खाजवता येते. बाकी काई नाई."

आत्याबाईंनी माझी चादर उचलली. "हे पुष्पाचं म्हनून ठेवू."

मी हो म्हटलं. मला काय, चादर कुणाच्या नावावर आहे याची काळजी नव्हती. माझं लक्ष बेबीच्या हाताकडे होतं. तिनं त्याच वेळी चादरीचं टोक धरलं होतं. डाव्या हातानं. आत्याबाई तिच्याकडेच पाहत होत्या.

"सूनबाई. हे पोरगी डावरी हाय काय?"

"लहान आहे अजून. दोन्ही हात वापरते."

"दोन्ही नाई वापरत. मी चार दिवस झाले पाहून राह्यलो." आत्याबाई स्वतःबद्दल असंच, पुरुषासारखं 'राह्यलो' म्हणतात, इकडच्या सगळ्या बायांसारखं. "सरस्वतीबाई याच महिन्यात येऊन राह्यल्या रुखवत पाह्यले. पुष्पाची सासू हाय थे, तिच्या नजरेतून सुई सुटत नाई. घरात डावरी पोरगी दिसली तं म्हनतीन, पुष्पाबी तशीच असन. तू विनतच असते ना? एक पिशवी विन. तिच्या डाव्या हातापुरती. मनगटाले दोरी."

मी बेबीच्या मुठीतलं चादरीचं टोक सोडवलं. त्यांनी तो होकार समजला.

पिशवी मी दुपारी विणली. डाव्या हातानं. दुसऱ्या कोणत्या हातानं विणणार होते? खोलीचं दार लोटून घेतलं होतं. खांब सैल टाकले, इतके सैल की जाळीतून बोटं बाहेर येतील. आत्याबाईंनी ती प्रकाशाकडे धरली. "हे पिशवी हाय का जायी?" मग दुसरी विणली, घट्ट, आखूड मुक्या खांबांची.

पहिल्या दिवशी बेबीला गंमत वाटली. हात हलवून हलवून हसली. दुसऱ्या दिवशी दातांनी ओढून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली आणि समोर ठेवलेल्या वाटीकडे नुसती पाहत राहिली. उजवा हात रिकामा होता तिचा. तो तिनं उचलला नाही. मला वाटलं होतं, तिला राग येईल, ती रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

चालायला लागायचे दिवस होते. बाजेची कड धरून उभी राहायची, दोन पावलं टाकायची. आता पिशवीतला हात त्या कडेवरून घसरायचा. पाचव्या दिवशी उंबऱ्यावर आपटली, खालचा ओठ फाटला. मी तिला उचलून हळद लावली. आत्याबाईंनीही हळहळ केली, तिला घेऊन अंगणात फिरवलं, कावळा दाखवला. "पाह्य, पाह्य, कोन आला?" बेबीला तीन शब्द येत होते: आई, बा, आणि काऊ. कावळा दिसला की काऊ म्हणायचीच. त्या दिवशी म्हणाली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

 माहेरी एक गोष्ट हसत हसत सांगतात: हात बांधला त्या वर्षी ही पोरगी मुकीच झाली होती, आठ महिने एक अक्षर बोलली नाही, मग बोलली ती अडखळत. सगळे हसतात, मीही हसायची. शाळेत गेल्यावर कुठं माझी जीभ सुटली. आता ती गोष्ट मला हसत आठवेना. मी बेबीजवळ बसायची आणि म्हणायची, काऊ कुठं? काऊ? ती माझ्या ओठांकडे पाहायची. काय माहीत, दात येत असतील. काय माहीत, ओठ दुखत असेल. की पिशवीमुळेच? कोणाला विचारू?

ह्यांना विचारलं. हे हायस्कूलात शिकवतात, घरातलं कमी बोलतात. "लग्न होऊ दे," म्हणाले. "महिन्या-दीड महिन्याचा प्रश्न आहे."

दीड महिन्यात आणखी किती शब्द जातात, हे ह्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. दोन तर उरले होते.

सरस्वतीबाई एका मंगळवारी सकाळच्या मोटारीनं आल्या. उंच, सडपातळ, लुगडं घट्ट नेसलेलं. पाय धुतले, चहा नको म्हणाल्या, मग घेतला. बेबी माझ्या मांडीवर होती.

"हाताले काय झालं वो लेकराच्या?"

"भाजलं थोडसं," आत्याबाई म्हणाल्या. "चुलीजवय गेली."

"पाहू. मायाजवय मलम हाय, पिशवीतच ठेवतो मी."

"झोपेतून उठली हाय आत्ताच, रडन थे. तुमी आधी रुखवत पाहा."

आत्याबाईंनी एकेक वस्तू पुढे सरकवली. सरस्वतीबाईंनी तोरण उन्हात धरलं, चार नळ्या तुटक्या निघाल्या त्या मोजून दाखवल्या, बाटली ठीक म्हणाल्या. पुष्पाबाई दारात डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, अंगठ्यानं जमीन उकरत. मग चादर आली.

सरस्वतीबाईंनी ती मांडीवर पसरली.  बोट एका गोलावर ठेवलं, मधून बाहेर फिरवत नेलं. मग दुसऱ्या गोलावर. मग चादर उलटी केली, सुलटी केली.

"असं तं कधी पाह्यलं नाई बाप्पा. ना नमुना, ना माप. पन पाहातच राहा वाटते." आणि मग: "पुष्पा, इकडं ये. तू विनलं हे?"

"हाव."

"सगळं?"

पुष्पाबाईंनी मान हलवली.

"मंग तू डावरी हाय?"

 माझ्या मांडीवर बेबी वळवळली.

"नाई वो माय!" आत्याबाई पुढे सरकल्या. "असं काऊन म्हनता?"

"मी चाळीस वर्सं झाले विनून राह्यलो. हे पाहा." त्यांनी बोट परत गोलावर ठेवलं. "उजव्या हाताचा टाका घड्याळाच्या काट्याच्या उलटा फिरते. सगळ्याईचा. मायाबी, कोनाचाबी. हे सगळे काट्यासंगं फिरून राह्यले. एक चुकला असता तं म्हटलं असतं चुकला. दीडशे गोल कसे चुकतीन?" त्यांनी पुष्पाबाईंकडे पाहिलं, चिडून नाही, पण सोडून देणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. "आमच्या घरी मोठी पंगत असते. वाढाले तुलेच लागन. मले खरं सांगजो."

पुष्पाबाईंचे डोळे भरले. हो म्हणाव्या तर डावरी ठरणार, नाही म्हणाव्या तर खोटारडी.

"थोडी मदत सूनबाईनं केली असन," आत्याबाई म्हणाल्या.

"मंग सूनबाई डावरी हाय?"

"नाई! मायी सून मायासमोर विनते, रोज. उजव्या हातानं. मी देवाची आन घेतो."

त्या खरंच हात उचलायला निघाल्या होत्या, देवघराकडे पाहून. त्यांना तसंच दिसलं होतं. मीच दाखवलं होतं. मला तेव्हा दोन गोष्टी एकदम सुचल्या. एक, की मी बोलले तर बेबीचं डावरेपण कुठून आलं ते सगळ्यांना कळेल, आणि पिशवी लग्नानंतरही निघणार नाही. दुसरी, की मी नाही बोलले तर पुष्पाबाईंचं काय होईल ते होईलच, आणि पिशवी तरीही निघणार नाही. कारण या घरात डावरं कोणी नाहीच असं आम्ही सगळे मिळून ठरवलेलं असेल.

"मी विणलंय," मी म्हटलं. "सगळं. मी डावरी आहे."

आत्याबाईंचा हात तसाच राहिला.

"विनून दाखव," सरस्वतीबाई म्हणाल्या. चादरीच्या कडेला सुई, उरलेल्या दोऱ्यासकट, अडकलेलीच होती. मी बेबीला खाली बसवलं आणि सुई डाव्या हातात घेतली. पाच-सहा टाक्यांनंतर हात माझा राहिला नाही, आपला आपण चालू लागला. पान झालं. पानाला देठ झाला. किती वेळ गेला कोण जाणे, मी मान वर केली तेव्हा सरस्वतीबाई सुईकडे पाहत होत्या आणि आत्याबाई माझ्या तोंडाकडे.

"आता तू," सरस्वतीबाईंनी सुई पुष्पाबाईंना दिली. त्यांनी ती उजव्या हातात धरली, लाटणं धरावं तशी. एक साखळी घातली, तिची गाठ झाली, गाठीत सुई अडकली, सुटेना. सरस्वतीबाई पहिल्यांदा हसल्या.

"उजवी हाय. येत मात्र काईच नाई."

"शिकन थे," आत्याबाई कशाबशा म्हणाल्या.

"नाई शिकत. मायी मोठी सूनबी नाई शिकली. भाजी चांगली करते, झालं." त्यांनी चादरीची घडी घातली. "रुखवतात ठेवा हे. पन वर चिठ्ठी लावा, वहिनीच्या हातचं म्हनून. आमच्या बायाईले मी सांगतलं पुष्पाचं, न् कोनं गोल पाह्यला, तं हसू मायंच होईन." उठता उठता त्यांची नजर बेबीच्या हातावर गेली. "म्हंजे भाजलं नाई तं."

मी तो पदराखाली घेतला. त्यांनी पुढे विचारलं नाही. दुपारच्या मोटारीला त्यांना निघायचं होतं.

पुष्पाबाई त्यांना सोडायला अंगणापर्यंत गेल्या. मी तिथंच बसून बेबीच्या मनगटाची दोरी सोडली. दोरीखाली लाल वळ उठला होता. बोटं चिकटून पांढरी पडली होती, पाण्यात राहिल्यासारखी. मी ती एकेक करून उघडली.

"दोन वर्सं," आत्याबाई म्हणाल्या. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. "दोन वर्सं तुनं मायासमोर नाटक केलं वो? मी देवाची आन घेऊन राह्यलो होतो. त्या बाईसमोर. खोटी."

मला वाटलं होतं त्या डावरेपणावरून बोलतील. त्यावरून त्या बोलल्याच नाहीत.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"काऊन पन? मी काय खाल्लं असतं तुले?"

"माझ्या आईनं माझा हात बांधला होता, आत्याबाई. दोन वर्षं. त्यातले आठ महिने मी बोलले नव्हते, म्हणतात." मी बेबीचं मनगट चोळत होते. "बेबी काऊ म्हणत नाही. हात बांधल्यापासून. तुम्ही तिला कावळा दाखवला त्या दिवसापासून मी पाहतेय. मी आता बांधणार नाही. तुम्ही रागवा, काही करा. ती पिशवी मी विणली, ती मी बांधू देणार नाही."

एवढं लांब मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या उठल्या, बाहेर पुष्पाबाई रडत होत्या तिकडे गेल्या.

तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, बोलायचं ते बेबीमार्फत: "तुया आईले म्हनाव डाळ उतरव." मी डाळ उतरवायची. हे एकदा बेबीकडे, एकदा माझ्याकडे पाहून शाळेत निघून जायचे. मी बेबीला सोडून क्षणभर हलत नव्हते, विहिरीवर जायचं झालं तरी कडेवर घेऊन. मी इकडे गेले न् तिकडे दोरी बांधली तर?

बेबी बाजेची कड धरून उभी राहत होती परत. दोन पावलं, कधी तीन. बोलत मात्र नव्हती. दिवसातून वीस वेळा मी तिचं तोंड पाहत होते.

चौथ्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी तिला आपल्या मांडीवर घेतलं. वरण-भात कालवला. बेबीचा डावा हात ताटात आला. आत्याबाईंनी तो धरला. बांधला नाही, नुसता आपल्या मुठीत धरला, आणि तिच्या उजव्या हाताची बोटं भातात बुडवली.

"जेवाले उजवा," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न पाहता. पण बेबीमार्फत नाही. "उद्या हेबी कोनाच्या तरी पंगतीत बसन. तिले सारे पाह्यतीन तवा मी असन का तू असन? जेवाले उजवा. बाकी तुमचं तुमी पाहा."

  बेबीनं हात सोडवून घेतला, आत्याबाईंनी परत धरला. तिनं परत सोडवला. त्यांनी परत धरला, या वेळी जरा सैल. माझ्या ताटातला भात गार होत होता. मी घास उचलला नव्हता. त्यांची मूठ घट्ट होते का, तेवढंच पाहत बसले होते.